‘उत्क्रांती’तला ‘उत्’

फर्दापुरात मी दहावीला विज्ञान शिकवतो. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा चालू असताना आमच्याच वस्तीतल्या एका पोराने विचारले, “सर, मंग आपण खालच्या पायरीवर राहिलो म्हून मागं पडलो का?” त्याने डार्विन वाचला नव्हता, नुसता शब्द वाचला होता.

‘उत्’ म्हणजे वर, ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे जिवाने देह सोडून निघून जाणे. हाच शब्द जीवशास्त्रासाठी घेतला आणि त्याच्यासोबत शिडीही आली. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या मनाला शिडी लगेच ओळखीची वाटते. वस्तुतः ‘इव्होल्यूशन’चे लॅटिन मूळ गुंडाळी उलगडणे एवढेच सांगते. डार्विनने तर १८५९च्या पहिल्या आवृत्तीत तोही शब्द वापरला नाही. ‘फेरफारांसह वंशावतरण’ असे तो म्हणे. म्हणजे चढणे नाहीच, उतरणे!

पोराला मी कपाशीचे उदाहरण दिले. बीटी कपाशी २००२ साली आली. तिचे विष बहुतेक बोंडअळ्यांना पचेना. ज्या थोड्यांना जन्मतःच पचत होते त्यांचीच प्रजा वाढली, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरली. अळी ‘वरची’ झाली काय? त्या विषापुढे तिचा निभाव लागला, इतकेच. विष बदलले की हिशेबही बदलतो. ‘योग्य तो टिकतो’ हे स्पेन्सरचे १८६४चे शब्द डार्विनने पुढे उचलले. त्यांचा ‘बळी तो कान पिळी’ हा अर्थ सोयीने लावलेला आहे.

जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, सबब डार्विन चूक. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी ते खोडून काढले. अजिंठ्याच्या वाटेवरची वानरे आमचे आजे-पणजे नव्हेतच, दूरची भावकी आहे. समान पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांमागचा. माणसामाणसांत तर एवढेही अंतर नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चमार एकाच वंशाचे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये मांडून जातीचा जीवशास्त्रीय आधार काढून घेतला.

दुसरा वापर अधिक कावेबाज आहे: ‘समाज उत्क्रांतीने बदलतो, क्रांतीची घाई नको.’ निसर्गाच्या निवडीत कोणाचा इरादा नसतो. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ला ओंजळीत घेतले गेले ते ठरवून. हे दोन बदल एका मापाने मोजायचे कसे?

वर्गात मी आता ‘पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणे’ असे म्हणतो. परीक्षेत पोराला ‘उत्क्रांती’च लिहावे लागते, गुण त्यालाच आहेत.