एक किलोचा पट्टा

मनगटाला एक किलोचा पट्टा बांधायचा. खुर्चीत पाठ टेकून बसायचं आणि मेट्रोनोमच्या ठोक्यावर सरळ हात समोरून उचलायचा, खाली आणायचा. साठ वेळा जमलं तर चाचणी पूर्ण. पॉलिमायोसायटिस किंवा डर्मॅटोमायोसायटिस झालेल्या कित्येकांचा हात त्याच्या बराच आधी थांबतो. फिजिओ आकडा टिपतात आणि शून्य ते दहामध्ये दमणूक किती, ते विचारतात.

या आजारांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. खांदे आणि मांड्या आधी बळी पडतात. केस विंचरणं, जमिनीवरून उठणं, मुंबईत बेस्टच्या बसची पहिली पायरी चढणं अवघड होऊन बसतं. मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरल्यावर समोर जिना आणि लिफ्ट दोन्ही असले, तर असा माणूस आधी लिफ्ट शोधतो.

पूर्वी अशांना सक्त विश्रांती सांगत. व्यायामाने दाह भडकेल, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, म्हणजे एन्झाइम) वाढेल ही धास्ती होती. 1998 मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी रुग्णांना सहा आठवडे सायकल आणि पायऱ्यांचा व्यायाम दिला. ताकद वाढली, सीपीके वाढला नाही. पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत हेलेन अलेक्झांडरसन आणि इंग्रिड लुंडबर्ग यांच्या गटाने हे काम नेटाने पुढे नेलं.

खरी गोष्ट स्नायूच्या आत घडते. स्टिरॉइडने दाह शमला तरी अनेकांची ताकद पूर्ण परतत नाही, कारण ऑक्सिजनवर चालणारे, दमदार तंतू कमी झालेले असतात. शिवाय स्टिरॉइडही स्नायू झिजवतात. स्टॉकहोमच्या रुग्णांत या तंतूंचं प्रमाण सरासरी 32 टक्के होतं, ते बारा आठवड्यांच्या घरच्या व्यायामाने 42 वर गेलं. दुसऱ्या प्रयोगात सायकल आणि हलक्या वजनांनी मायटोकाँड्रियातील विकरांचं काम वाढलं. म्हणजे तिथलं ऊर्जा बनवणारं यंत्रच पुन्हा चालू लागलं! औषधाच्या जोडीला व्यायाम हवाच, तो यासाठी.

घरचा कार्यक्रम साधाच होता: पंधरा मिनिटं व्यायाम, पंधरा मिनिटं चालणं, आठवड्यातून पाच दिवस. मरोळमध्ये गर्दीच्या वेळी मिलिटरी रोडवर चालण्यापेक्षा सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्या बऱ्या. मात्र हा आजार हृदय आणि फुप्फुसांनाही धरू शकतो, म्हणून आधी तपासणी करून घ्यावी आणि सुरुवात फिजिओच्या नजरेखाली व्हावी.

घरात असा रुग्ण असेल, तर पुढच्या भेटीत औषधांबरोबर व्यायामाचंही लेखी वेळापत्रक डॉक्टरांकडून मागून घ्या.