दहा रुपयांचे गिऱ्हाईक

आमलीला आमिषाचे अर्थशास्त्र नवे नाही. १९९३ साली केंद्राने मागास प्रदेशांतील नव्या कारखान्यांना पहिली पाच वर्षे आयकर माफ केला. त्या यादीत दादरा नगर हवेली होती. विक्रीकराची सवलत निराळीच. मसाट-पिपरियाला यंत्रे घरघरू लागली ती या बळावर. सवलत सरल्यावर कोण टिकेल, हा प्रश्न येथल्या माणसाच्या परिचयाचा आहे.

तोच आता हातातल्या फोनला विचारावयाचा आहे. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरात पंतप्रधानांनी ‘भीम’ या सरकारी ॲपसाठी बक्षीस जाहीर केले. नवा माणूस आणणाऱ्यास दहा रुपये, येणाऱ्यासही दहा. दुकानदारांच्या योजनेसह सहा महिन्यांची तरतूद ४९५ कोटींची. वरकरणी गिऱ्हाईक वीस रुपयांना पडले. पण शंभर जण आले आणि वर्षअखेर दहाच उरले असे धरा. टिकलेला प्रत्येक जण दोनशेला पडतो. त्यांतले पाच बक्षिसाविनाही आलेच असते, तर चारशेला! हा हिशेब जाहिरातीत नसतो.

पुढे काय झाले? अधिक उदार बक्षिसे घेऊन बड्या कंपन्या उतरल्या, आणि ज्यांना दहा रुपयांनी आणले होते त्यांतले कितीतरी त्यांच्याकडे वळले. लाचेने आलेले गिऱ्हाईक थोरल्या लाचेने जाणारच. आज यूपीआयचे ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार फोनपे व गूगल पे या दोघांच्याच हाती आहेत. कोणा एकाचा वाटा तीस टक्क्यांवर जाऊ नये हा २०२० चा नियम. त्याची मुदत २०२६ अखेरपर्यंत ढकलण्यात आली. नियम करावयाचा आणि बलवानांसाठी थांबावयाचे, हे आम्हांस अनाकलनीय वाटते.

१ जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग बँकांचा खर्च? २०२४-२५ साठी, दोन हजारांपर्यंतच्या खरेदीपोटी, केंद्राने सुमारे १५०० कोटी मंजूर केले. म्हणजे साबणाच्या वडीवर कर भरणारी वारली बाई, तिच्यापाशी असा फोन नसला तरी, या ‘फुकटा’चा वाटा उचलते.

सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु टपरीवर रक्कम पुकारणाऱ्या पेटीचे मासिक भाडे बहुधा चहावाल्याच्याच खिशातून जाते. उद्या शुल्क परतले, तर ‘रोख द्या’ म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी उरलेले नसेल. गिऱ्हाइकाच्या खिशात रोख नसेल.