‘सर्वांत लहान’ या विक्रमात नेमकं काय मोजलं जातं?

तुम्ही अल अमेरातमध्ये राहत असाल, तर मस्कतचा समुद्र डोंगरापलीकडेच आहे. सुट्टीच्या दिवशी तुमची भाचरं तिथे पाण्यात डुंबतात. आणि संध्याकाळी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ येतो: एवढ्याशा मुलाने समुद्रात पोहून विक्रम केला! आपण अंगठा दाखवतो आणि पुढे पाठवतो. पण जरा थांबूया.

बाकीचे विक्रम जास्त वेगाने किंवा जास्त अंतर पोहून मोडता येतात. ‘सर्वांत लहान’ हा विक्रम मोडायचा तर त्याहून लहान मूलच पाण्यात उतरवावं लागतं. १९८८ मध्ये थॉमस ग्रेगरी हा ११ वर्षांचा ब्रिटिश मुलगा सुमारे १२ तासांत इंग्लिश खाडी पोहून गेला. पुढे तिथे किमान वय १६ ठरलं. म्हणून त्याचा विक्रम आता कुणी मोडू शकत नाही, आणि ते बरंच आहे.

वयाची अट कशासाठी? पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने शरीरातली उष्णता खेचून घेतं. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, म्हणून ते लवकर गारठतं. आपल्याकडचा समुद्र तर उबदार, मग काय अडचण? अडचण उलटी आहे. कोमट पाण्यात घाम वाळत नाही, त्यामुळे अंग तापत जातं. २०१० मध्ये फुजैराला, म्हणजे ओमानच्या आखाताच्याच किनाऱ्यावर, फ्रॅन क्रिपेन हा २६ वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू १० किलोमीटरच्या शर्यतीत दगावला. त्यानंतर जागतिक संघटनेने पाण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा ३१ अंश ठरवली. मस्कतला उन्हाळ्यात समुद्र याच्या अगदी जवळ जातो.

शरीर गारठलं किंवा तापलं की आधी डोकं गोंधळतं. ‘मला बाहेर काढा’ हे ज्याने म्हणायचं, त्यालाच ते सुचत नाही. त्यातून बोटीवर आई-बाबा, कोच आणि कॅमेरे असले, तर मुलाने ‘नको’ म्हणायचं तरी कसं?

मुंबईच्या जिया रायचं उदाहरण पाहा. ती ऑटिस्टिक आहे. २०२२ मध्ये, १३ व्या वर्षी, ती पाल्कची सामुद्रधुनी १३ तास १० मिनिटांत पोहली. इंग्लिश खाडीसाठी मात्र तिला १६ वर्षं पूर्ण होण्याची वाट पाहावी लागली. २०२४ मध्ये तीही झाली, १७ तास २५ मिनिटांत. थांबल्याने तिचं काहीच कमी झालं नाही.

तेव्हा पुढचा व्हिडिओ आला की कौतुक जरूर करा, पण तीन गोष्टी विचारा. कल्पना कुणाची होती? पाणी किती गरम किंवा गार होतं? आणि पोहणं थांबवायचा अधिकार बोटीवर कुणाकडे होता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘बाबांकडे’ असं आलं, तर पुढे पाठवायच्या आधी थोडा विचार करा. बाकी भाचरांना पोहायला न्याच. वाळूत परतल्यावर ती ‘अजून एकदा’ म्हणाली, की समजा, सगळं ठीक चाललंय.