पिकासाठीं दिवा आणि त्याचा रंग

मावळांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूर्यदर्शन किती दुर्मिळ असतें, हें कुसगांव-लोणावळ्याकडील शेतकऱ्यास सांगावयास नको. भाताचें पीक ह्या आभाळाखालीं निभावून जातें. परंतु रोपवाटिकेंतील टोमॅटो व ढोबळी मिरचीचीं रोपें उजेडावांचून लांब व बारीक दांडीचीं होतात आणि लावणीच्या वेळीं कोलमडतात. म्हणून कित्येक बागाइतदार घरांतील एखाद्या खोलींत फळ्यांची मांडणी करून दिव्याखालीं रोपें वाढवूं लागले आहेत. अशा वेळीं पहिला प्रश्न दिव्याच्या रंगाचा निघतो, आणि पुष्कळदां उत्तर येतें, जांभळा.

आम्हींही प्रथम जांभळेच दिवे लावले. रोपें वाढलीं, पण त्या उजेडांत पान हिरवें कीं पिवळें हेंच डोळ्यांस कळेना. ट्रे अंगणांत आणून पाहिले तेव्हां पिवळेपणा पुष्कळ दिवसांचा असल्याचें दिसलें, आणि तीन ट्रे टाकून द्यावे लागले. विक्रेत्यानें आम्हांस फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. कोणता रंग चांगला, एवढेंच आम्हीं त्याला विचारलें होतें. दिव्याकडून काम कोणतें घ्यावयाचें, हें आमचें आम्हींच ठरविलें नव्हतें.

वनस्पती प्रकाशापासून दोन निरनिराळीं कामें करून घेते. एक अन्न तयार करण्याचें, व दुसरें ऋतु, वेळ आणि सावली ओळखण्याचें. पहिल्यास प्रकाश पुष्कळ लागतो, दुसऱ्यास अगदीं थोडा पुरतो. आणि दोहोंसाठीं योग्य रंग एकच असेल असें नाहीं.

अन्नासाठीं सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळ्या-निळ्यापासून तांबड्यापर्यंतचा प्रकाश उपयोगी पडतो. पानांतील हरितद्रव्य काढून त्याचा द्राव तपासला असतां तो निळा व तांबडा शोषतो, हिरवा बहुतेक सोडून देतो. ह्यावरून हिरवा प्रकाश वनस्पतीस निरुपयोगी, अशी समजूत झाली व जांभळ्या दिव्यास मान मिळाला. पण पान म्हणजे कुपींतील द्राव नव्हे. त्यांत शिरलेला हिरवा प्रकाश पेशींपेशींतून इकडेतिकडे फिरतो व त्याचा बराच भाग शेवटीं कामीं येतो. मॅक्री ह्या शास्त्रज्ञानें २२ पिकांच्या पानांवर केलेलें मोजमाप १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत तांबडा सर्वांत सरस ठरला, पण हिरवाही फार मागें नव्हता. तेव्हां पांढऱ्या दिव्यास कमी लेखण्याचें कारण नाहीं. विजेच्या हिशेबानें ६६० नॅनोमीटरचे तांबडे एलईडी उत्तम, हें खरें. म्हणून पांढऱ्यांत थोडे तांबडे मिसळलेले दिवे रोपांच्या खोलीस आम्हांस पसंत आहेत. त्यांत पानही स्वच्छ दिसतें.

निळ्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. निळा भाग अगदींच कमी पडला तर रोप उंच व लेचेंपेचें होतें. एकंदर प्रकाशाचा दहावा ते पांचवा हिस्सा निळा असला कीं तें ठेंगणें व कणखर राहतें. पिवळसर पांढऱ्या दिव्यांत निळा कमी, थंड पांढऱ्यांत अधिक. ट्रेंत दाटी झाली म्हणजेही रोपें उंचावतात, त्याचें कारण निराळें. शेजारच्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशांत तांबडा कमी व ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यास जेमतेम दिसणारा गडद तांबडा अधिक असतो. त्यावरून रोप सावली ओळखतें व वर धांव घेतें. हे दोन तांबडे एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात, हें अमेरिकेंतील बेल्ट्सव्हिल येथें लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करून बोर्थविक, हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५२ सालीं दाखविलें.

आतां खर्च पाहूं. दिव्याच्या खोक्यावर ल्युमेन लिहिलेले असतात. तें माप माणसाच्या डोळ्याचें, रोपाचें नव्हे. रोपासाठीं दर सेकंदास दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात तें विचारावें. भाजीच्या रोपांस २०० मायक्रोमोल रोज १४ तास दिले तर काम भागतें. चांगला एलईडी एका वॅटमागें सेकंदाला सुमारें अडीच मायक्रोमोल देतो. म्हणजे चौरस मीटरला ८० वॅट, व दिवसास एक युनिटाहून थोडी अधिक वीज. तेवढ्या जागेंत ९८ खणांचे सहा ट्रे मावतात. पंचवीस दिवसांत २८ युनिटांच्या आसपास वीज जळून पांच-साडेपांचशें रोपें तयार होत असतील, तर हा व्यवहार करण्यासारखा आहे. परंतु हाच हिशेब गुंठाभर पॉलिहाऊसला लावावा: आठ किलोवॅटचे दिवे व रोज ११३ युनिट! आपल्या डोंगरांवरच्या पाण्यावर टाटांचें खोपोलीचें वीजगृह १९१५ पासून चाललें, म्हणून आपणांस वीज फुकट मिळते असें नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या दरानें गुणाकार करून पाहावा.

शेवंतीची गोष्ट अगदीं उलट आहे. शेवंती रात्र मोजते. अखंड मोठी रात्र मिळाली कीं कळी धरते. दिवसरात्रीच्या मानाचा फुलण्याशीं असा संबंध असतो, हें गार्नर व अॅलार्ड यांनीं १९२० सालीं सिद्ध केलें. आपल्याकडे जूनमधील सर्वांत मोठा दिवसही सुमारें सव्वातेरा तासांचाच असल्यामुळें लांब दांडीची शेवंती हवी असेल तर कांहीं आठवडे रात्र मोडावी लागते. रात्रीं दहापासून दोनपर्यंत दोन-तीन मायक्रोमोल तांबडा प्रकाश पुरतो. वाया जाणारा धरला तरी गुंठ्यास रात्रीला एक युनिट पुष्कळ झालें. येथें मात्र रंग चुकवूं नये. निळ्यावर अवलंबून राहिल्यास पैसा जाईल आणि कळी थांबणार नाहीं. जुने पिवळे बल्ब हें काम करीत, पण त्यांची बहुतेक वीज उष्णतेंत जाई. दांडी पुरेशी झाली कीं दिवे बंद करावे, आणि रस्त्यावरचा दिवा आंत डोकावत नाहीं ना तें पाहावें. तेवढ्यानेंही त्या बाजूची शेवंती मागें राहते.

राहिला गुलाब. पवन मावळांत व तळेगांवच्या बाजूस त्याचीं पॉलिहाऊसें पुष्कळ आहेत. गुलाबास रात्रीच्या मोजणीचें सोयरसुतक नाहीं. त्यास अन्नासाठीं प्रकाश हवा, आणि तो दिव्यानें पुरविणें किती महाग तें वर आलेंच. शिवाय १४ फेब्रुवारीच्या बाजाराचें फूल डिसेंबर-जानेवारींत वाढतें, तेव्हां मावळचें आकाश निरभ्र असतें. पावसाळ्यांत ज्यांस उजेड कमी वाटतो, त्यांनीं प्रथम पॉलिहाऊसच्या कागदावरील शेवाळ व धूळ धुवावी आणि आंतील सावलीची जाळी गुंडाळून ठेवावी. आम्हीं गेल्या पावसाळ्यांत एकाच पॉलिहाऊसचा अर्धा कागद धुवून अर्धा तसाच ठेवला होता; दोन्ही बाजूंस उभें राहिलें असतां फरक पाहण्यास कोणतेंच यंत्र लागलें नाहीं.