आयआर३५ (वेतनपटाबाहेरील कामाचे करनियम)

आयआर३५ हे युनायटेड किंग्डममधील वेतनपटाबाहेरील कामासंबंधीच्या करनियमांचे प्रचलित नाव आहे. कर खात्याने १९९९ साली काढलेल्या प्रसिद्धिपत्रकाच्या क्रमांकावरून ते रूढ झाले. हे नियम एप्रिल २००० पासून लागू आहेत.

पार्श्वभूमी

एखादी व्यक्ती स्वतःची मर्यादित कंपनी स्थापून तिच्यामार्फत सेवा पुरवते, तेव्हा मोबदला वेतन म्हणून नव्हे, तर कंपनीचे उत्पन्न म्हणून जमा होतो. तो लाभांशरूपाने काढल्यास त्यावर राष्ट्रीय विम्याचे अंशदान द्यावे लागत नाही. काम देणाऱ्या संस्थेचाही मालक म्हणून भरावयाचा हिस्सा वाचतो. कामाचे स्वरूप प्रत्यक्षात नोकरीचेच असेल, तर नोकरदाराइतकाच कर आकारावा, हे या नियमांमागील तत्त्व आहे.

निकष

कामाचे स्वरूप केवळ कराराच्या शीर्षकावरून ठरत नाही. कामावर नियंत्रण कोणाचे, कंत्राटदाराला आपल्या जागी दुसरी व्यक्ती पाठवता येते का, काम देण्याची व स्वीकारण्याची परस्पर बांधिलकी आहे का आणि आर्थिक जोखीम कोणाची, हे पाहिले जाते.

शासकीय विभाग

२०१२ साली ब्रिटिश कोषागाराने केलेल्या पाहणीत केंद्रीय शासनात वेतनपटाबाहेरील २,४०० हून अधिक उच्च मोबदल्याच्या नियुक्त्या आढळल्या. तोपर्यंत हा निर्णय कंत्राटदाराची कंपनी स्वतःच घेत असे. एप्रिल २०१७ पासून ही जबाबदारी काम घेणाऱ्या सार्वजनिक संस्थेवर आली. नियम लागू होत असल्यास कंत्राटदाराच्या कंपनीला पैसे देणारी संस्था किंवा मध्यस्थ एजन्सी कर व अंशदान कापून भरते. एप्रिल २०२१ मध्ये ही पद्धत मध्यम व मोठ्या खासगी कंपन्यांनाही लागू झाली.

अंमलबजावणी व टीका

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार, नियमांच्या चुकीच्या अंमलबजावणीमुळे केंद्रीय शासकीय संस्थांना २०२०-२१ या वर्षात सुमारे २६.३ कोटी पौंड देणे लागत होते. निर्णय चुकल्यास संपूर्ण कर भरावा लागत असल्याने काही संस्थांनी सरसकट सर्वच कंत्राटदारांना नियमांच्या कक्षेत आणले. अशा कंत्राटदारांवर नोकरदाराप्रमाणे कर आकारला जातो. मात्र पगारी रजेसारखे नोकरीतील हक्क त्यामुळे आपोआप मिळत नाहीत, हा मुख्य आक्षेप आहे. त्याच मोबदल्यावर दोनदा करवसुली टाळण्यासाठी, कंत्राटदाराने व त्याच्या कंपनीने आधी भरलेला कर वजा करण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून करण्यात आली.