रंगाला भिंत आणि फरशी सारखीच

हैदराबादेत सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत अजून काही जुनी घरं आहेत. दिवाळीच्या आधी तिथल्या भिंतींना चुना लागतो आणि एखादा थेंब खालच्या तांडूरच्या फरशीवर पडतो. ‘राहू दे, नंतर पुसू’ म्हणून तुम्ही पुढे जाता. काही आठवड्यांनी तो थेंब पुसायला जावं, तर फडक्याला दाद देत नाही, नखाने खरवडून निघत नाही. का बरं? कारण मधल्या काळात त्याचा चक्क दगड झालेला असतो!

आणि दगड तरी कुठला? ज्या फरशीवर तो पडला, तिच्याच जातीचा. हैदराबादहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत तांडूर लागतं, वाडीच्या पुढे शहाबाद. आपल्या घराघरांतल्या कित्येक फरश्या या पट्ट्यातल्या खाणींतून निघतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचत गेलेला हा चुनखडक. चुनखडक भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सियसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते चुनकळी. तिच्यावर पाणी ओतलं की ती रटरटून फुटते आणि भिंतीला लावायचा चुना तयार होतो. भिंतीवर बसल्यावर हा चुना काय करतो? भट्टीत गमावलेला कार्बन डायऑक्साइड हवेतून परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडक बनतो. तुम्ही भिंतीला जी सफेदी करता, ती दगडाची एक अतिशय पातळ लादीच असते.

1591 साली उभा राहिलेला चारमिनार याच रसायनावर उभा आहे. आत दगड आणि चुन्याचं बांधकाम, वर चुन्याचा गिलावा आणि त्यातच घडवलेली नक्षी. कुतुबशाही मकबऱ्यांच्या जीर्णोद्धाराचं काम 2013 मध्ये सुरू झालं, तेव्हा विसाव्या शतकात थापलेलं सिमेंट काढून पुन्हा चुनाच लावला गेला.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे चुन्याला घट्ट होण्यासाठी पाणी लागतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पाण्यात विरघळतो, मग चुन्याला भेटतो. एप्रिल-मेच्या उन्हात भिंत फटकन सुकली, तर हे लग्न अर्ध्यावरच मोडतं आणि चुना भुकटीच्या रूपात तसाच राहतो. भिंतीला टेकलं की शर्टाची पाठ पांढरी होते, ती यामुळे. म्हणून जुने कारागीर चुना लावण्याआधी भिंत भिजवतात आणि लावल्यावरही पाणी शिंपडतात.

आता फरशीवरच्या त्या थेंबाकडे परत बघा. बाथरूमचं अ‍ॅसिड किंवा नुसतं व्हिनेगर टाकलं तर तो फसफसून विरघळेल खरा, पण त्याच्याबरोबर फरशीही विरघळेल. अ‍ॅसिडला दोघांत काही फरक दिसत नाही, दोन्ही एकच पदार्थ! उपाय एकच: थेंब ओला आहे तोवर ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. आणि डोळ्यांना जपायचं, कारण ओला चुना अत्यंत दाहक असतो.

इथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. चुना ‘वाळला’ असं आपण म्हणतो, पण तो तर हवा पिऊन बदलला. मग बाकीचे रंग तरी नुसते वाळतात का?

साधा डिस्टेंपर मात्र तसा वाळतो. त्यात खडूची पूड आणि तिला धरून ठेवणारा पाण्यात विरघळणारा डिंक असतो. पाणी उडालं की थर तयार, पाणी लागलं की थर पुन्हा मऊ. म्हणूनच त्याचा डाग महिन्यानेही ओल्या फडक्याने निघतो आणि म्हणूनच गळक्या छताखाली त्याचे ओघळ येतात.

इमल्शनची तऱ्हा न्यारी. डब्यातल्या पाण्यात प्लास्टिकसारख्या पदार्थाचे असंख्य सूक्ष्म कण तरंगत असतात. ते इतके बारीक की हजारो कण ओळीने लावले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. पाणी उडत जातं तसे ते जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि शेवटी त्यांच्या सीमाच पुसल्या जातात. भिजवलेला साबुदाणा आठवा. मोकळा असतो तेव्हा दाणा न् दाणा वेगळा. पण एकदा का त्याचा गोळा झाला की वरून कितीही पाणी ओता, दाणे परत सुटे होत नाहीत. इमल्शनचंही तसंच. बाहीवर पडलेला थेंब पाच मिनिटांत नळाखाली धरला तर निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्याच नळाचं पाणी त्याच्यावरून नुसतं ओघळतं.

आणि दारं-खिडक्यांना लावतो तो ऑइल पेंट? त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं विणतात. आधी टर्पेंटाईन उडाल्याने थर हलका होतो, पण जवसाचं निव्वळ तेल काचेवर पसरून ठेवलं तर घट्ट होताना त्याचं वजन चक्क वाढतं! शिवाय या क्रियेत उष्णता निघते. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि कधीकधी काडी न लावता फडकी पेटतात. म्हणून ती मोकळ्या हवेत पसरून वाळवायची आणि मगच टाकायची.

हा झाला रंगाचा मुक्काम. पण तो भिंत सोडून फरशीवर, चष्म्यावर, टीव्हीवर पोचतो कसा?

डब्यातला चांगला रंग ढवळून बघा, घट्ट लागतो. ब्रशने ओढला की तोच रंग सरसर पसरतो आणि ब्रश उचलला की पुन्हा घट्ट होऊ लागतो. हे मुद्दाम घडवलेलं असतं. रंगात अशी द्रव्यं घालतात की जोर लागला की तो पातळ व्हावा आणि जोर सरला की जागच्या जागी थांबावा. ब्रशच्या रेघा मिटण्यापुरता तो वाहतो आणि ओघळ येण्याआधी थिजतो. वाहायचं किती आणि थांबायचं कधी, हे त्या द्रवात आधीच ठरलेलं असतं!

तरी ओघळ येतात, कारण आपण थर जाड देतो. साध्या द्रवाचा थर उभ्या भिंतीवर दुप्पट जाड केला की खाली सरकणारा माल दुप्पट होत नाही, आठपट होतो. एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्या, हा कारागिरांचा सल्ला म्हणजे हेच गणित.

शिंतोड्यांची कथा आणखी मजेदार आहे. रोलर भिंतीवरून फिरताना त्याची मागची बाजू भिंतीपासून सुटते ना, तिथे निरखून बघा. रोलर आणि भिंत यांच्यामध्ये रंगाच्या असंख्य बारीक तारा ताणल्या जातात. तार तुटते, तिची दोन टोकं दोन बाजूंना आखडतात आणि मधला तुकडा थेंब होऊन हवेत उडतो. रोलर जितका जोरात पळवाल तितका हा तुषार जास्त. काम लवकर उरकण्याची घाई पुसापुशीत दुपटीने वसूल होते.

कडा सरळ यावी म्हणून आपण मास्किंग टेप लावतो. तिचा जन्म मोटारींमुळे झाला. 1920च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची फॅशन होती आणि रंगारी दोन रंगांमधली रेघ साधताना मेटाकुटीला येत. सॅंडपेपर विकणाऱ्या थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू या तरुणाने त्यांची ती तगमग पाहिली आणि 1925 मध्ये अशी पट्टी काढली, जी चिकटते पण रंग न उखडता निघते. मग आपल्याकडे रंग टेपखाली का शिरतो? भिंत खरखरीत असते आणि टेपखाली बारीक फटी राहतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच नियमाने रंग त्या फटींत खेचला जातो. यावरची युक्ती फार झकास आहे: टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच जुना रंग लावा. फटी त्या रंगाने बुजतात, नव्या रंगाला आत शिरायला वाट उरत नाही. शेवटचा हात ओला असतानाच टेप सावकाश ओढा. रंग वाळल्यावर टेप ओढली तर रंगाची फिल्म तिच्याबरोबर फाटून येते.

खाली काय अंथरायचं? तेलुगू, उर्दू, मराठी, ज्या भाषेचं असेल ते वर्तमानपत्र भिजून फाटतं आणि पायाला चिकटून घरभर फिरतं. नुसत्या प्लास्टिकवर थेंब ओलाच राहतो आणि चपलेचे ठसे स्वयंपाकघरापर्यंत पोचतात. खाली प्लास्टिक आणि वर जुनी सुती चादर अंथरा. चादर थेंब शोषते, प्लास्टिक त्याला खाली जाऊ देत नाही.

एक पसारा मात्र डोळ्यांना दिसत नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2016च्या नियमांनी घातली आणि ती 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचे थर कोरडे घासले तर विषारी धूळ उडते, आणि घरात रांगणारं मूल असेल तर ती सरळ त्याच्या तोंडात जाते. पॉलिशपेपर ओला करूनच घासा, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

डिस्टेंपर सोडला तर रंगाची सगळी करामत अशी की लावल्यावर त्याने पुन्हा सुटूच नये. भिंत कुठली, फरशी कुठली, हे त्याला कळत नाही. तो जिथे पडेल तिथे इमानाने घट्ट बसतो. तेव्हा यंदा डबा उघडण्याआधी तो चुना आहे, डिस्टेंपर आहे, इमल्शन आहे की ऑइल पेंट, एवढं वाचा. ऑइल पेंटसाठी टर्पेंटाईनचं आणि बाकी सगळ्यांसाठी पाण्याचं फडकं हाताशी ठेवा, आणि थेंब पडला की तेव्हाच टिपा.