चांदीच्या बुडावरचे ठसे

नेपल्सचे अठराव्या शतकातले एखादे चांदीचे शमादान हाती आले, की जाणकार त्याची नक्षी बघत बसत नाही. तो ते उलटे करतो, बूड उजेडाकडे धरतो आणि भिंग काढतो. बुडाच्या काठाशी, नखाएवढ्या जागेत तीन ठसे असतात. पहिल्यात मुकुट, त्याखाली नेपल्सच्या नावाची ‘एन-ए-पी’ ही तीन अक्षरे आणि त्याखाली ‘७३४’ असा एखादा तीन आकडी अंक. हे साल आहे: १७३४. हजारातला एक लिहायची तिथे पद्धत नव्हती. दुसऱ्या ठशात काही अक्षरे असतात आणि त्यातले शेवटचे बहुधा ‘सी’. तिसऱ्यात नुसती दोन-तीन अक्षरे.

नवखा माणूस दुसऱ्या ठशावर थांबतो. तो जास्त ठसठशीत असतो, अक्षरेही जास्त असतात, म्हणून हाच कारागीर असे त्याला वाटते. पण तो ‘सी’ आडनावाचा नाही, कॉन्सुलचा आहे. कॉन्सुल म्हणजे सोनार-चांदीकारांच्या संघाने निवडलेला पारखी. चांदीचा कस त्याने तपासला आणि माल खरा निघाला म्हणून आपला ठसा मारला. घडवणारा माणूस तिसऱ्या ठशात आहे, तो सगळ्यांत लहान आणि घासून घासून बहुतेक वेळा निम्मा पुसलेला.

इटलीच्या चांदीचा अभ्यास इथून सुरू होतो. आज आपण कारागिराचे नाव मानाने शोधतो, चित्रकाराची सही शोधावी तसे. पण त्या काळी तो ठसा मानासाठी मारलेला नव्हता, तो जबाबदारीसाठी होता. चांदीत तांबे जास्त निघाले तर पकडायचे कुणाला, हे ठरवण्यासाठी कारागिराने आपला ठसा द्यायचा, आणि त्याला पास करणाऱ्या पारख्यानेही द्यायचा, म्हणजे दोघेही सापडतील. संघाकडे कोणता ठसा कुणाचा याची नोंद असायची. ठसा हा त्या नोंदीकडे बोट दाखवतो, एवढेच त्याचे काम. नोंदवही हरवली तर उरतात नुसती अक्षरे. म्हणून भिंगाने काम अर्धे होते, उरलेले दप्तरात बसून करावे लागते.

पारखीची रीत आपल्या सराफाला अनोळखी नाही. कसोटीच्या दगडावर रेघ ओढायची, माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून पाहायची. शंका आली तर वस्तूचा कणभर कीस काढायचा, तो शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवायचा. शिसे आणि तांबे राखेत मुरते, चांदीचा मणी वर राहतो. आधीचे वजन आणि नंतरचे वजन, यांतला फरक म्हणजे खोट. युरोपात शतकानुशतके हीच रीत चालली.

अडचण अशी की १८६१ पूर्वी इटली हे एक राज्य नव्हते. प्रत्येक राज्याचा कस वेगळा, ठसा वेगळा, नोंदवही वेगळी. व्हेनिसचा ठसा सेंट मार्कच्या पंखवाल्या सिंहाचा. तो समोरून पाहणारा, पंख डोक्याभोवती गोळा केलेला, असा की लगूनमधल्या खेकड्यासारखा दिसतो आणि व्हेनिसचे लोक त्याला खेकड्याच्याच नावाने ओळखतात. जेनोआचा ठसा म्हणजे बुरूज आणि त्याबरोबर साल. पालेर्मोचा गरुड, त्याखाली ‘पालेर्मो हे राजनगर’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. शेजारी कॉन्सुलची अक्षरे आणि सालाचे आकडे. कॉन्सुल बदलत असे, म्हणून त्याची अक्षरे आणि साल एकमेकांशी जुळले पाहिजेत. नाही जुळले, तर वस्तू बाजूला ठेवावी. खोट्याला इतका बारीक हिशेब सांभाळणे अवघड जाते.

रोमची गोष्ट मात्र वेगळी, आणि माझ्या मते सगळ्यांत श्रीमंत. तिथला सोनारांचा संघ १५०९ मध्ये सुरू झाला. सोनारांचा रक्षणकर्ता संत एलिजिओ, त्याच्या नावाचे संघाचे चर्च आजही व्हिया जूलियाजवळच्या गल्लीत उभे आहे; त्याचा आराखडा राफाएलचा मानतात. पोपच्या राज्याचा ठसा म्हणजे आडव्या-तिडव्या दोन किल्ल्या आणि त्यांवर छत्री. ही छत्री आणि किल्ल्या पोपच्या खजिन्याचे चिन्ह. दिसायला तोच ठसा शेकडो वर्षे चालला, पण ठसा उठवायचा पंच झिजला की नवा घडवला जाई, आणि नव्या पंचात छत्रीच्या झालरीचा किंवा किल्लीच्या दात्यांचा आकार थोडा बदले. मोडी दप्तर वाचणारा जसा अक्षराच्या वळणावरून कारकून ओळखतो, तसा रोमचा जाणकार छत्रीच्या झालरीवरून काळ सांगतो.

कारागिरांचे ठसे त्याहून गमतीचे. १८१५ पूर्वी रोममधले कितीतरी चांदीकार अक्षरांऐवजी चित्र वापरत. कुणाचे फूल, कुणाचा तारा, कुणाचा प्राणी. दुकानावर जी पाटी तीच ठशात. त्या चित्रावरून माणसापर्यंत पोहोचायचे तर ते दुकान कोणत्या गल्लीत होते, कोणत्या साली कुणाच्या हातात होते, बापानंतर मुलाने तेच चित्र चालू ठेवले का, हे सगळे कळले पाहिजे. बेल्लींच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या चांदीचे काम झाले, आणि त्यातल्या दोघांचे नाव व्हिन्चेन्झो. अशा घराण्यात नुसते नाव सांगून भागत नाही, कोणता व्हिन्चेन्झो हे राज्याच्या ठशाचा काळ पाहूनच ठरते.

पुढे १८१५ मध्ये कार्डिनल पाक्का याच्या फर्मानाने घडी बसवली. राज्याचा नवा ठसा आला, किल्ल्यांवर पोपचा तिहेरी मुकुट. कारागिराने मात्र चौकटाकृती, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारख्या आकारात, नावाची अक्षरे आणि आपला क्रमांक मारायचा. त्यानंतरची रोमची चांदी ओळखणे तुलनेने सोपे आहे. त्यापूर्वीची खरी कठीण, आणि ती उरलीही कमीच. तोलेन्तिनोच्या तहाच्या वेळी, १७९७ च्या आगेमागे, नेपोलियनला द्यायच्या खंडणीसाठी पोप सहाव्या पायसने चर्चची आणि घराघरांतली चांदी गोळा करून वितळवली. रोममधला त्या शतकातला सर्वांत नामांकित चांदीकार लुइजी व्हालादिएर. त्याच्या कामाचे काय काय त्या भट्टीत गेले असेल, याची कल्पनाही नकोशी वाटते. त्याची एक थोर कृती आपल्याला दिसते ती रोममध्ये नाही, सिसिलीत मोनरेअलेच्या कॅथेड्रलमध्ये: तिथली चांदीची वेदी १७७३ ची. वस्तू जिथे मिळाली तिथलीच असे धरून चालू नये, हे सांगायला यापेक्षा मोठे उदाहरण नको.

या विस्कटलेल्या नोंदी एकत्र आणण्याचे काम एका सोनारानेच केले. सोतिरिओ बुल्गारी हा ग्रीसच्या एपिरस भागातला चांदीकार. रोमला आला आणि १८८४ मध्ये त्याने दुकान थाटले. पुढे जगभर गेलेल्या बुल्गारी पेढीची ती सुरुवात. त्याचा मुलगा कोन्स्तान्तिनो (१८८९-१९७३) धंदा सांभाळता सांभाळता जुने ठसे गोळा करू लागला. संघाची दप्तरे, परवान्यांच्या नोंदी, वस्तूंवरचे प्रत्यक्ष ठसे, हे सगळे ताडून त्याने इटलीच्या चांदीकार-सोनारांचा कोश लिहायला घेतला. रोमवरचे भाग १९५८ आणि १९५९ मध्ये निघाले. नंतर लात्सिओ आणि उम्ब्रिया १९६६, मार्के आणि रोमान्या १९६९, आणि एमिलिया १९७४, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. त्यात कारागिराचे नाव, जन्म, दुकानाचा पत्ता, परवान्याचे साल आणि ठशाचे रेखाचित्र शेजारी शेजारी मिळते. आज लिलावाच्या यादीत एखाद्या रोमन तबकाखाली पूर्ण नाव छापलेले दिसते, ते बहुधा या माणसाने धुळीतून वर काढलेले असते. त्याची मुलगी आन्ना बुल्गारी कालिस्सोनी हिने १९८७ मध्ये रोमच्या कारागिरांची सुधारलेली सूची दिली. नेपल्ससाठी एलिओ आणि कोर्रादो कातेल्लो यांचे १९७३ चे पुस्तक, सिसिलीसाठी मारिया आक्काशीना हिचे १९७६ चे. संपूर्ण देशाचे एक पुस्तक नाही.

गंमत अशी की सर्वांत अवघड काळ सर्वांत जुना नाही. देश एक झाल्यावर १८७२ च्या कायद्याने साऱ्या राज्यांचे ठसे बंद केले आणि ठसा मारून घेणे ऐच्छिक केले. सरकारी ठसा होता, बुरुजाचा मुकुट घातलेल्या इटलीमातेचे डोके आणि त्याबरोबर कसाचा क्रमांक. पण सक्ती नाही म्हटल्यावर जाते कोण? म्हणून १८७२ ते १९३४ या साठ-बासष्ट वर्षांतल्या कितीतरी वस्तूंवर नुसता ‘८००’ असतो, म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. त्यावरून इटलीसुद्धा सिद्ध होत नाही, कारण जर्मनीतही ८०० चा कस सर्रास चाले. तिथे १८८८ पासून सोबत चंद्रकोर आणि मुकुट असतो, एवढाच आधार. दोनशे वर्षांपूर्वीच्या नेपल्सच्या माणसाचे नाव सांगता येते आणि आजीच्या लग्नातल्या मिलानच्या तबकाचे येत नाही, ही या विषयातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. व्यापाऱ्यांवरचा जाच कमी करायला केलेल्या एका कायद्याने कारागिरांची दोन-तीन पिढ्यांची नावे घालवली.

१९३४ च्या कायद्याने ठसा पुन्हा सक्तीचा झाला, पण नावाऐवजी क्रमांक आला. चौकटाकृतीत फॅसिस्टांचे चिन्ह असलेली काठ्यांची जुडी, निर्मात्याचा क्रमांक आणि प्रांताची अक्षरे: मिलानची ‘एमआय’, फ्लॉरेन्सची ‘एफआय’, आरेत्सोची ‘एआर’. १९४४ नंतर जुडी गेली, क्रमांक आणि अक्षरे राहिली. १९६८ च्या कायद्याने लांबट बहुकोनी चौकट आणली. त्यात प्रजासत्ताकाचा तारा, क्रमांक, प्रांत. कस वेगळ्या लंबगोलात. तेव्हा १९३४ नंतरच्या वस्तूचा काळ ठरवायला जुडी आहे, तारा आहे की दोन्ही नाहीत, हे पाहणे पुरते. क्रमांक प्रांतवार नोंदलेले असतात. आरेत्सोचा पहिला क्रमांक १९२६ मध्ये स्थापन झालेल्या गोरी आणि त्सुक्की या कारखान्याला मिळाला, आणि त्या कारखान्याने ‘उनो आ एर्रे’, म्हणजे ‘एक एआर’, हेच आपले नाव करून टाकले. बुल्गारीच्या दागिन्यांवर ‘२३३७ एएल’ असते. ती अक्षरे रोमची नव्हेत, अलेस्सांद्रिया प्रांताची. रोमच्या शेकडो कारागिरांना नावे परत देणाऱ्या माणसाच्या घराण्याची पेढी आज अशी एका आकड्यावरून ओळखावी लागते.

पुण्या-मुंबईच्या सराफाकडे ‘९२५ इटली’ असे कोरलेली साखळी पुष्कळदा दिसते. ९२५ हा कस झाला आणि इटली हा शब्द कुणीही कोरू शकतो. इटलीच्या कायद्याला ज्याची जबाबदारी हवी त्याचा क्रमांक आणि प्रांत लागतो. गिऱ्हाइकाने दुकानात भिंग मागायला लाजू नये.

जुन्या वस्तूंत खोटेपणा दोन वाटांनी येतो. खऱ्या वस्तूचा साचा घेऊन ओतली, तर ठसाही ओतला जातो. त्याच्या कडा मऊ पडतात, तळाशी बारीक खड्डे दिसतात, आणि सहा चमच्यांवर ठसा अगदी त्याच जागी, त्याच ओरखड्यासकट येतो. हाताने मारलेला ठसा प्रत्येक वेळी थोडा वाकडा असतोच. दुसरी वाट म्हणजे एखाद्या मोडक्या लहान भांड्यावरचा खरा ठसा कापून मोठ्या भांड्याच्या बुडात डाख देऊन बसवणे. तिथे श्वास सोडून पाहावे. वाफ जमते तेव्हा डाखाची रेघ क्षणभर वेगळी उठते आणि ठशाभोवतीचे गोल ठिगळ दिसते.

या दोन्ही परीक्षा पार पडल्या, राज्याचा ठसा आणि पारख्याचा ठसा जुळला, पण कारागिराची अक्षरे कुठल्याच नोंदीत सापडली नाहीत, असे बरेचदा होते. विकणाऱ्याला तेव्हा जवळपासचे मोठे नाव लावायचा मोह होतो, कारण व्हालादिएर म्हटले की किंमत कितीतरी पट वाढते. चांगला अभ्यासक तिथे ‘नेपल्स, १७३४, कॉन्सुल अमुक, कारागीर अज्ञात’ एवढेच लिहितो आणि ठशाचे स्वच्छ छायाचित्र जोडून ठेवतो, म्हणजे उद्या कुणाला एखाद्या दप्तरात ती अक्षरे भेटली तर नाव भरता येईल.